बाबांनी खणलेली खदान

हिंगण्याच्या पुढे सायकलने पाऊण तासावर एक गाव होतं. गावाच्या उत्तरेला गुरं चरायची सरकारी जमीन, जिला आमच्याकडे सगळे ई-क्लास म्हणतात. त्या ई-क्लासच्या मधोमध मुरमाची खदान. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चोवीस वर्षांची होते, नोकरीला चार महिने झाले होते, आणि मला एका जागी पाच मिनिटं बसवत नव्हतं.

तसं ते लहानपणापासूनच होतं. सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत आई ताटावर बसायला सांगायची आणि मी उभ्याने भाकरी खायची. कृषी महाविद्यालयात आमच्या वर्गात मुली दोघीच. दुसरी लग्न होऊन गेली आणि मी एकटी उरले, तेव्हा तर मागे वळून बघायलाही सवड राहिली नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत कोणी गेलं नव्हतं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी मी आईच्या कडेवर होते, म्हणजे मला त्यातलं काही आठवण्याचा प्रश्न नाही, पण आई ते असं सांगायची की जणू त्या दिवसापासून मला पुढे पळायचंच होतं. नोकरी जमीन सुधारण्याच्या खात्यात लागली. ऑफिसातले लोक म्हणाले, मुलगी आहे, टेबलाचं काम द्या. मी साहेबांकडे जाऊन फिरतीचं काम मागितलं. त्यांनी हसून ही खदान दिली. तीन वर्षांत इथे पुन्हा गुरं चरली पाहिजेत, म्हणाले. तीन वर्षं मला फार वाटली. मी मनातल्या मनात त्याची दोन केली.

खदान अकरा-बारा एकरांची असेल. कुठे पुरुषभर खोल, कुठे दोन पुरुष. कडा उभ्या कापलेल्या, तळाला लालसर पिवळा मुरूम आणि त्यातून वर आलेले दगडाचे गुडघे. पंधरा वर्षांपूर्वी हिंगण्याकडे कारखाने यायला लागले तेव्हा रस्त्यांसाठी इथला मुरूम नेला होता. ट्रक गेले, खड्डा राहिला. पावसाळ्यात तळाला पाणी साचायचं, त्याला उतार नव्हता, आणि कडेवर चरणारं एखादं जनावर पाय घसरून आत जायचं. उन्हाळ्यात त्यात सावलीसुद्धा मिळायची नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी खूप बोलले. कडा कशा तासायच्या, उतारावर चर कुठे काढायचे, कोणतं बी पेरायचं. बाबा नुकतेच रस्त्याच्या कामावरच्या मुकादमकीतून निवृत्त झाले होते. त्यांनी फक्त गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते उठले आणि दाराजवळच्या दोन कुंड्यांना पाणी घालायला गेले. आईने आतून सांगितलं की पाणी मघाशीच घातलंय, तरी ते घालत राहिले. मी पुढे बोलतच होते, म्हणून ते माझ्या ध्यानात आलं नाही.

गावात माझी पहिली ओळख झाली ती गायकीणबाईंशी. गावाची गुरं राखणाऱ्याला आमच्याकडे गायकी म्हणतात. मूळ गायकी त्यांचा नवरा, पण तो दम्याने घरी बसला होता, म्हणून काठी यांच्या हातात आली. पन्नाशीच्या, कोरड्या अंगाच्या, डोळे सतत दूर कुठेतरी लागलेले. रोज सकाळी गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे गुरं गोळा व्हायच्या मैदानावर, घराघरांतून जनावरं यायची आणि त्या ती घेऊन निघायच्या. परक्या गावात आपल्याला पाणी कोण देतं आणि कशातून देतं, हे पहिल्या दिवशीच कळतं. मला पाणी त्यांनी दिलं, आणि ज्या लोट्यातून दिलं त्यातूनच नंतर स्वतः प्यायल्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले.

मे महिन्यात मजूर लावून आम्ही कडा तासून उतार केले. चर खणले. खात्याकडून मारवेल आणि पवन्या या गवतांचं बी पोत्यांतून आलं. मावशी कडेवर काठी टेकून हे सगळं पाहत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "इथं माती कुठं हाये, बाई?" मी म्हटलं, खत टाकलं आहे, मुरमातही उगवतं, पुस्तकात दिलंय.  कडेवरची एक गाय आत डोकावत होती तिला हाकलत त्या निघून गेल्या.

जूनच्या शेवटी दोन दिवस जोराचा पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा उतार धुतलेल्या परातीसारखे स्वच्छ होते. पेरलेलं बी तळाच्या पाण्यावर फेसासारखं जमलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या पाण्याच्या काठाने बोटभर रुंदीची हिरवी कड उगवली, पाणी वाढलं आणि ती कडही बुडून कुजली. मी आणखी बी मागवलं. आठवड्यातून दोन फेऱ्या ठरलेल्या होत्या, मी चार करायची. जमिनीत नख घालून बी उकरून पाहायची, मोड आला का म्हणून, आणि उकरलेलं परत झाकायची. आज विचार केला तर त्यातलं निम्मं बी मीच मारलं असणार.

सप्टेंबरात लांबून उतारावर हिरवं दिसलं. मी सायकल टाकून पळत गेले. ते गाजरगवत होतं. खताच्या खड्ड्यातून त्याचं बी आलं असेल. आठवडाभराने साहेब पाहणीला आले, त्यांनी एक रोप उपटलं आणि विचारलं, हे गुरं खातात का? मी नाही म्हटलं. त्यांनी ते रोप माझ्या हातात दिलं आणि ते जीपकडे गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी घरी टेबलावर बसून दुसरं काम मिळावं म्हणून अर्ज लिहीत होते. दोन कागद फाडून झाले होते. बाबा समोर येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, त्या खदानीत माती टाकली का? मी चिडून म्हटलं, बारा एकरांची माती कुठून आणू?

"तिथलीच आण," बाबा म्हणाले. "ते खदान मीच काढली."

मी पेन खाली ठेवलं.

"मुरूम काढायच्या आधी वरची माती काढा लागते. हातभर माती होती तिथं, चांगली. कोणी म्हने नाल्यात लोटून द्या. मी लोटली नाही. नाल्याच्या अलीकडं रचून ठेवली. असन अजून."

मी विचारलं, "मंग वर्षभर काहून नाही बोलले तुम्ही?"

"तू इतक्या हौसेनं सांगून राहिली होती," ते म्हणाले, आणि फाडलेले कागद गोळा करत, "मले वाटलं, उगवन तसंबी."

मला राग आला, तो किती आणि कोणावर हे मला नीट सांगता येणार नाही. एक पावसाळा, माझी सगळी धावपळ, साहेबांसमोरचा तो अपमान, आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवत होता. पण बाबांना मी ओळखत होते. आपण बांधलेल्या रस्त्यावरून बस गेली की ते खिडकीतून खाली बघायचे, खड्डा पडलाय का ते. त्या रस्त्यांचा त्यांना अभिमान होता. त्या रस्त्यांखालचा मुरूम जिथून आला तिथे परत जायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नसणार. मी अर्जाचा तिसरा कागदही फाडला.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले. हिंगण्यापर्यंत बसने, पुढे मी हिंगण्याला ठेवलेली सायकल हातात धरून आणि ते माझ्यापुढे. साठीचा माणूस इतका झपाझप चालला की मला गाठताना धाप लागत होती. खदानीच्या कडेवर येऊन ते थांबले. पंधरा वर्षांत त्यांनी ती पाहिली नव्हती. काम संपलं त्या दिवशी शेवटच्या ट्रकमध्ये बसून ते निघून गेले होते, एवढंच. त्यांनी नजरेने एका कडेपासून दुसरी कड मोजली. मग म्हणाले की एवढी मोठी होती असं वाटत नव्हतं.

मावशी गुरं घेऊन तिथेच होत्या. त्यांनी बाबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्हीच काय गा ते मुकादम?"

बाबांनी मान हलवली.

"मी आली होती तुमच्यापाशी. म्हटलं होतं, नाल्याकडची पट्टी तेवढी सोडा, ढोरं बसतात तिथं दुपारी."

"मले याद नाही, बाई."

"तुम्हाले कशी राहीन? रोज कोणी ना कोणी येत असन."

"साहेबानं नकाशावर दाखवलं तेवढंच खणलं मी."

"चुन्याची रेघ तं तुमच्याच हातानं पडली ना?"

मावशींच्या आवाजात राग नव्हता. आठवत होतं ते त्या सांगत होत्या. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"हो," ते म्हणाले. "माह्याच हातानं."

मग ते नाल्याच्या बाजूला गेले. तिथे बोरी-बाभळींनी भरलेलं एक लांबट टेकाड होतं. मी वर्षभर त्याच्या सावलीत सायकल लावत होते. बाबांनी मजुराकडून सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि टेकाडात घातली. ती मुरमात जशी खणखणते तशी खणखणली नाही, सरळ आत गेली. त्यांनी ओंजळभर माती काढून माझ्यासमोर धरली. काळपट, भुसभुशीत, तिच्यात मुळ्यांचे तंतू आणि एक गांडूळ. मावशी म्हणाल्या की हे टेकाड मुकादमानं टाकलेलं आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? त्यांनी मला विचारलं की तुम्ही कधी विचारलं? मी कधीच विचारलं नव्हतं. मी फक्त सांगत आले होते.

हिवाळाभर आणि उन्हाळाभर माती वाहिली. रोजगार हमीवरच्या बाया घमेली डोक्यावर घेऊन टेकाडावरून खदानीत उतरायच्या. बाबा रोज यायचे. हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं आणि ते कोणाला विचारतही नव्हते. मला निघायला थोडा उशीर झाला तर ते एकटेच आधीच्या बसने निघून गेलेले असायचे. आई म्हणायची की नोकरीत असताना हा माणूस इतका लवकर उठत नव्हता.

लवकरच कळलं की माती पुरणार नाही. पंधरा वर्षांच्या पावसाने बरीच नाल्यात गेली होती. माझं म्हणणं होतं, सगळ्या खदानीत पातळ पसरू, कारण ऑफिसात एकर मोजतात. बाबांचं म्हणणं होतं, निम्म्यात जाड टाकू. आम्ही दोघं भर उन्हात भांडलो. मजूर बाया घमेली उतरवून ऐकत बसल्या. शेवटी मावशींनी बाबांना विचारलं, चार माणसांची भाजी आठ जणांत वाटली तर कोणाचं पोट भरते? बाबा हसले. मला हसू आलं नाही, पण मी निम्म्याला कबूल झाले. पूर्वेकडचा अर्धा भाग मातीने झाकला, पश्चिमेचा उघडा राहिला. रिपोर्टात मी 'पहिला टप्पा' असं लिहिलं.

त्या पावसाळ्यात गवत आलं. आम्ही पेरलं ते तर आलंच, पण टेकाडाच्या वरच्या मातीत जे बी होतं तेही आलं. कुसळी, आणि ज्यांची नावं मला येत नव्हती आणि मावशींना येत होती अशी चार-पाच जातींची गवतं. ऑक्टोबरात ते माझ्या कमरेला लागलं. आम्ही पूर्वेच्या भागाला काट्यांची कुपाटी, म्हणजे कुंपण, घातली. नियम असा होता की तीन वर्षं एकही जनावर आत जाऊ द्यायचं नाही. ग्रामपंचायतीत तसा ठराव झाला, त्यावर सरपंचाची सही होती आणि मावशींचा अंगठा.

आता तरी मी शांत व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आधी गमावण्यासारखं काही नव्हतं, आता होतं. बसमध्ये कोणी बिडी ओढली तरी माझ्या मनात वाळलेलं गवत पेटायचं. रविवारी घरी पाहुणे आले, स्थळ घेऊन आले होते, आणि मी चहाचा ट्रे ठेवून मागच्या दाराने निघाले, खदानीवर जायला. ते स्थळ अर्थातच पुढे सरकलं नाही. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

फेब्रुवारीत एक दिवस मी अवेळी पोचले, दुपारी. नाल्याच्या बाजूची कुपाटी दोन हात उघडी होती आणि तीस-चाळीस गुरं आत चरत होती. मावशी मधोमध उभ्या होत्या. पळून जायचा, लपायचा काही प्रयत्न नाही. शेण पाहिलं तर ते एका दिवसाचं नव्हतं. चार-पाच दिवस हे चाललं होतं, नाल्याकडच्या तिसऱ्या हिश्शात.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आठवतं तेवढं लिहिण्यासारखं नाही. मावशींनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "बी झडलं हाये, बाई. आता खुरानं दाबन तवाच टिकन. नाहीतं मांगच्यासारखं वाहून जाईन."

मी म्हटलं की तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. गुरं उपाशी आहेत म्हणून सोडली हे सरळ सांगा. त्या म्हणाल्या की उपाशी तर आहेतच. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी गुरं बाहेर काढली, कुपाटी बंद केली आणि हिंगण्याच्या चहाच्या टपरीवर बसून तिथेच रिपोर्ट लिहिला. घरी जाऊन लिहिला तर राग निवेल याची मला भीती होती. ऑफिसात दिला तेव्हा शाई हाताला लागलेली होती.

रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिनं काहून सोडली, विचारलं का?"

मी म्हटलं, तिनं सांगितलं, पण ते काही खरं नाही.

बाबांनी हात धुतले. त्यानंतर महिनाभर ते माझ्याबरोबर बसने आले नाहीत. यायचे रोजच, पण आधीच्या बसने. खदानीवर आम्ही दोन टोकांना काम करायचो.

रिपोर्टावर ग्रामपंचायतीने बैठक घेतली. होळीच्या सुमाराला मावशींची राखण काढून घेतली आणि गावातल्या दुसऱ्या एका माणसाला दिली. मी बैठकीला होते. मावशींना काही म्हणायचं आहे का असं विचारलं, तर त्या नाही म्हणाल्या. मला वाटलं होतं की त्या माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

मग पावसाळा आला. जुलैच्या मध्यावर एकदा मी कुपाटीच्या बाहेरून चालत होते आणि मला गवतात एक रेघ दिसली. रेघेच्या अलीकडे गवत विरळ, जुन्या ठोंबांमधून फुटलेलं, मधे मधे लाल मुरूम डोकावणारा. पलीकडे दाट, कोवळं, सलग. मी आत गेले आणि गुडघ्यावर बसले. गुरांच्या खुरांचे वाळलेले खळगे अजून दिसत होते, आणि जवळजवळ प्रत्येक खळग्यात पाच-सात नवी रोपं उभी होती. पाऊस त्यांच्यावरून गेला होता आणि ती जागची हलली नव्हती. अलीकडच्या भागातलं बी पुन्हा चरांत वाहून जमलं होतं. त्या दुपारी मी गुरं बाहेर काढली तेव्हा ती जिथवर चरत आली होती, तिथेच ती रेघ होती.

बाबा पलीकडच्या टोकाला फुटलेला चर बुजवत होते. मी त्यांना बोलावलं आणि दाखवलं. त्यांनी आधीच पाहिलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी. मी विचारलं, या वेळी तरी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "सांगतलं असतं तं तू मानलं असतं काय?" आणि परत फावडं उचललं.

मावशी घरी नव्हत्या. त्यांचा नवरा खाटेवर बसून होता, त्याने सांगितलं की कपाशीच्या निंदणाला गेली. मी शेत शोधत गेले. दहा-बारा बाया ओळीने तण काढत पुढे सरकत होत्या, मावशी शेवटच्या ओळीत. त्यांनी मला पाहिलं आणि काम थांबवलं नाही. मीही साडी खोचून शेजारच्या ओळीत बसले आणि निंदायला लागले. कृषी पदवीधर होते, पण दोनदा कपाशीचंच रोप उपटलं. मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं, परत लावलं, माती दाबली.

मी म्हटलं, "मावशी, तुमचं खरं होतं. माझं चुकलं. मी घाई केली."

त्यांनी आणखी दोन रोपांभोवतीचं तण काढलं, मग म्हणाल्या. "कागद तुमचा, हुकूम तुमचा. ढोरं काही माह्यी नोहती, बाई. पण आवाज देल्ला का येत होती. आता तो नवा मानूस त्याहिले मारते. मले इथून आयकू येते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्या आलं, आणि मला त्याची लाज वाटली. त्या रडत नसताना मी रडणं म्हणजे त्यांच्याकडूनच समजूत काढून घेणं. मी मान खाली घालून ओळ संपेपर्यंत निंदत राहिले. त्यांनी मला माफ केलं असं त्या दिवशी म्हणाल्या नाहीत, नंतरही कधी म्हणाल्या नाहीत.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. त्यात पहिल्या रिपोर्टात चूक झाल्याचं लिहिलं आणि खुरांच्या खळग्यांचं लिहिलं. साहेबांनी तो वाचून विचारलं की स्वतःच्या हाताने असं लिहून देता, उद्या तुमच्या बढतीच्या वेळी हे निघालं तर? मी म्हटलं, निघू द्या. पण साहेब खदानीवर आले. ती रेघ त्यांनी दोनदा चालून पाहिली आणि ठरावात बदल सुचवला: बी झडल्यावर काही आठवडे, ठरलेल्या भागात, चराई चालेल. ग्रामपंचायतीला मात्र आपला निर्णय बदलायला महिने लागले. बैठका ठरायच्या आणि मोडायच्या. मी प्रत्येक वेळी जायची, आणि एकदा सरपंच त्रासून म्हणाला की बाई, तुमच्यामुळेच काढलं आणि आता तुमच्यामुळेच ठेवायचं? मी हो म्हटलं. दिवाळीनंतर राखण मावशींकडे परत आली. त्यात माझ्या फेऱ्यांपेक्षा नव्या गायक्याने दोन बैल हरवले याचा हात जास्त होता.

पश्चिमेच्या उघड्या भागाचं काय करायचं हे त्यानंतर त्यांनीच सुचवलं. गावाचा आखर तिकडे हलवायचा. रोज सकाळी दोन तास गुरं तिथे उभी राहतील, शेण-मूत तिथेच पडेल, दोन-चार वर्षांत मुरमावर कातडी धरेल. गावकऱ्यांना दूर पडतं म्हणून कुरकुर झाली. बाबा आणि मावशींचा गुरं कोणत्या वाटेने उतरवायची यावर रोज वाद व्हायचा आणि मी मधे पडत नव्हते. मध्ये न पडणं हे मला फार जड गेलं. पहिल्या वर्षी तिथे तरोटा हे पावसाळी तण आलं, नुसता तरोटा. दुसऱ्या वर्षी तरोट्याच्या सावलीत कुठे कुठे गवताची पाती. मी रोज मोजायची आणि कोणाला सांगायची नाही.

मग माझी बदली झाली, चंद्रपूरच्या बाजूला. पश्चिमेचा भाग तेव्हा अर्ध्याहून जास्त लालच होता. काम पुरं न होता सोडून जायचं हे मला सहन होत नव्हतं. मी साहेबांना भेटले, एक वर्ष वाढवून मागितलं. त्यांनी सांगितलं की तुम्ही म्हणता ते काम एका वर्षाचं नाही, पंधरा वर्षांचं आहे.

शेवटच्या दिवशी मी खदानीवर गेले. पूर्वेच्या भागात गुरं चरत होती, मावशी त्यांच्यामागे. मी बदलीचं सांगितलं. त्यांनी विचारलं की तिकडंही असेच खड्डे आहेत का. मी म्हटलं, असतील, कोळशाच्या खाणी आहेत, याहून मोठे असतील.  कोळशाची खाण त्यांनी पाहिली नव्हती.

"तिथं ढोरं कोन राखते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही, विचारीन.

"जाशीन त्या दिवशीच इचारजो," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला अहो-जाहो न करता बोलल्या.

एक गाय वेगळी होऊन कडेकडे निघाली होती. मावशी तिच्यामागे गेल्या. पाचच्या बससाठी निघायची वेळ झाली होती. मी बाबांना हाक मारली, तर ते दूर पश्चिमेच्या उतारावर वाकलेले होते, चराचा एक कोपरा ढासळला होता म्हणे. तू हो पुढं, त्यांनी हाताने खूण केली, मी येतो मागच्या बसनं. मी सायकल काढली. पहिल्या वळणापर्यंत दोनदा थांबून मागे बघितलं, आणि दोन्ही वेळा ते तसेच वाकलेले होते.